वेठ, बिगार, गडी : तीन शब्दांचा डहाणूकडील इतिहास

समानार्थी शब्दांची यादी पाठ करवून घेणे हा आपल्या मराठीच्या तासाचा जुना रिवाज आहे. आम्हीही ती पाठ केली आणि पुढे अध्यापक झाल्यावर इतरांकडून पाठ करवून घेतली. 'वेठ म्हणजे बिगार, बिगार म्हणजे सक्तीची मजुरी' हे समीकरण त्याच यादीतले. त्यात काही चुकीचे आहे असे कधी वाटले नव्हते. ते वाटू लागले मसोलीत.

मसोली हे डहाणूलगतचे गाव. नाव ऐकताच मासोळी आठवते, परंतु ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे, तेव्हा तो मोह येथेच सोडून देऊ. २०२१ च्या अखेरीस, एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालू असताना, काही कामानिमित्त आम्ही तेथे गेलो होतो. रिक्षाची वाट पाहत एका चहाच्या टपरीवर बसलो असता आमच्यापैकी एकाने वर्तमानपत्रातील मथळा मोठ्याने वाचला. संपामुळे प्रवासी वेठीस, अशा आशयाचा तो मथळा होता. त्या दिवसांत असे मथळे रोजच येत. शेजारी बसलेले एक वृद्ध वारली गृहस्थ आमच्याकडे वळले आणि त्यांनी अगदी सरळपणे विचारले, "वेठीला धरलं? मग कामाला कुठं नेलं त्यांना?"

या प्रश्नात उपरोध नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. आम्हांस मात्र पटकन उत्तर सुचले नाही. परतल्यावर कोश उघडले, कोशांवरून इतिहासाकडे वळलो, आणि प्रस्तुत लेखाचा विषय हाती आला.

'वेठ' हा शब्द संस्कृत 'विष्टि'पासून प्राकृतमार्गे आला. विष्टि म्हणजे राजाने प्रजेकडून मोबदल्यावाचून करवून घेतलेले श्रम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा शब्द आहे. त्याहून बोलका उल्लेख जुनागढच्या शिलालेखात सापडतो. इसवी सन १५० च्या सुमारास महाक्षत्रप रुद्रदामन याने सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध पुन्हा बांधला. हे काम आपण नगरजनांना व ग्रामजनांना कर, विष्टि आणि प्रणय यांचा जाच न करता पुरे केले, असे तो अभिमानाने नोंदवतो. येथे 'प्रणय' या शब्दावर क्षणभर थांबणे अगत्याचे आहे. आजच्या मराठी वाचकाला तो वेगळ्याच संदर्भात ठाऊक असतो. शिलालेखातील प्रणय म्हणजे राजाने प्रेमाने मागितलेली व प्रजेने 'स्वखुशीने' दिलेली वर्गणी. ती देताना प्रजेला किती प्रेम वाटत असेल ते सांगणे नलगे. सक्तीला गोड नाव देण्याची कला इतकी जुनी आहे. त्या तुलनेत विष्टि हा शब्द प्रामाणिकच म्हटला पाहिजे.

'बिगार' फारसीतून आला. मोबदल्याविना केलेले काम हाच त्याचाही अर्थ. मध्ययुगात हे दोन शब्द मराठीत शेजारी येऊन बसले आणि त्यांचा 'वेठबेगार' असा जोडशब्द झाला. मराठा काळातील इनामपत्रांत इनामदारास कोणकोणत्या उपद्रवांपासून मुक्त केले आहे त्याची लांबलचक जंत्री येते, आणि त्या जंत्रीत वेठबेगार हमखास असते. मराठीत असे जोड पुष्कळ आहेत; कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत. एक भाषा गावाची, दुसरी दरबाराची. दोन्ही बाजूंना कळावे म्हणून अर्थ दोनदा सांगायचा, अशी त्यांची घडण. मात्र इनामपत्रांतील वेठबेगार आणि डहाणूची वेठ यांत एक मोठा फरक आहे. पहिलीचा मालक सरकार होते. ती माफ करण्याचा अधिकार ज्याला होता त्याच्याच शिक्क्याने ती लादली जाई, म्हणून तिची माफी कागदावर लिहिता येई.

डहाणू, उंबरगाव, तलासरी या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनी वारल्यांच्या हातून सावकारांकडे व जमीनदारांकडे गेल्या. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांची कुंपणे घट्ट झाली आणि उरलेला आधारही सरकारच्या परवान्यावर अवलंबून राहिला. या उलथापालथीत 'वेठ' या शब्दाचा मालक बदलला. आता वेठ जमीनदाराच्या शेतावर, सावकाराच्या घरी, जंगल ठेकेदाराच्या कूपावर होऊ लागली. सरकारी अंमलदार आला की त्याचे ओझे वाहणे होतेच. ही वेठ माफ करणारे इनामपत्र कोणी देऊ शकत नव्हते, कारण ती कोठे लिहिलेलीच नव्हती.

आणखी एक छटा. 'मोबदल्याविना' हा बिगारीच्या व्याख्येतील कळीचा शब्द. डहाणूकडे पुष्कळदा काहीतरी दिले जाई. मूठभर भात, एखादा आणा. मालकाला म्हणता येई की ही बिगार नव्हेच, आम्ही तर पोसतो आहोत. कोशाच्या काटेकोर अर्थाने त्याचे म्हणणे खोडून काढणे अवघड होते. हा शब्दच्छल वाटेल. परंतु पुढे भारताच्या सर्वोच्च न्यायालयालाही याच ठिकाणी थांबावे लागले.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा अपव्यापार आणि सक्तीचे श्रम यांस मनाई केली आहे. या अनुच्छेदाच्या इंग्रजी मसुद्यात एक देशी शब्द जसाच्या तसा ठेवलेला आहे, तो म्हणजे 'बेगार'. घटनाकारांना त्यासाठी नेमका इंग्रजी प्रतिशब्द वापरावासा वाटला नाही. १९८२ साली दिल्लीतील एशियाड क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा या शब्दाचा अर्थ ठरवण्याची वेळ आली. न्यायमूर्ती भगवती यांनी आधारासाठी जे कोश उघडले त्यांत मोल्सवर्थ होता. १८३१ साली मुंबईत प्रथम निघालेला आणि १८५७ साली सुधारून पुन्हा छापलेला तोच मराठी-इंग्रजी कोश, ज्याची पाने आपण म्हणी शोधण्यासाठी उलटतो. मोल्सवर्थचा अर्थ असा की सरकारने किंवा सत्ता असलेल्या व्यक्तीने मोबदला न देता घेतलेले श्रम म्हणजे बेगार. न्यायालय मात्र या अर्थापाशी थांबले नाही. अनुच्छेदात बेगारीसोबत तत्सम इतर सक्तीच्या श्रमांचाही उल्लेख आहे, तेव्हा थोडा मोबदला दिला म्हणून सक्ती नाहीशी होत नाही. किमान वेतनाहून कमी दराने राबणारा माणूस भुकेच्या सक्तीनेच राबतो, असे न्यायालयाने ठरवले. मूठभर भाताची पळवाट अशी बुजली. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आपला अभ्यास व्यवहारशून्य वाटतो, त्यांना आम्ही हा निवाडा अवश्य वाचावयास सांगतो.

आता तिसरा शब्द, आणि आमच्या मते सर्वांत गहन असा शब्द : गडी.

मराठीत गडी म्हणजे पुरुष. 'गडी मोठा हुशार' म्हणताना त्यात कौतुक असते. गडी म्हणजे खेळाडू. कबड्डीत गडी बाद होतो. गडी म्हणजे सोबती. सवंगडी, आणि 'गड्या' ही जिवलगाची हाक. आणि गडी म्हणजे नोकर. एकाच शब्दात मैत्री आणि चाकरी इतक्या सहजपणे नांदतात की संदर्भावाचून कोणती हाक आहे ते कळत नाही. नोकर या अर्थी या शब्दाला जे पूर्वपद लागते त्यातून नोकरीचे स्वरूप समजते. घरगडी म्हटले की काम कोठे ते कळते. सालगडी म्हटले की किती काळ ते कळते; विदर्भ-मराठवाड्यात गुढीपाडव्याला त्याचा करार होतो आणि पुढच्या पाडव्याला तो मोकळा होतो, निदान शब्दाने तरी होतो. डहाणूकडचा शब्द होता लग्नगडी.

लग्नासाठी सावकाराकडून वा जमीनदाराकडून कर्ज काढायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे, अशी ही पद्धत. हिशेब मालकाच्या वहीत, वही वाचता येईल असे ऋणकोच्या घरात कोणी नाही, व्याज कामाहून वेगाने वाढणारे. त्यामुळे 'फिटेपर्यंत' म्हणजे बहुधा मरेपर्यंत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारसाठी सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासी भागांची पाहणी करून जो अहवाल दिला, त्यात विवाहाच्या कर्जातून निपजणाऱ्या या दास्याची दखल आहे. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात तर ही माणसे प्रत्यक्ष भेटतात.

शब्द म्हणून लग्नगडी न्याहाळून पाहावा. घरगडी कोठे ते सांगतो, सालगडी कुठवर ते सांगतो, लग्नगडी फक्त कशापायी ते सांगतो. मुदत त्यात नाही, कारण लग्नाला मुदत नसते. कर्ज हा शब्द त्यात नाही, सावकार नाही, व्याज नाही. ऐकणाऱ्याला वाटावे की वराच्या मंगलकार्यातूनच हे दास्य आपोआप उगवले. आणि सर्वांत मोठी गळती म्हणजे यात स्त्री नाही. गडी हा पुल्लिंगी शब्द. वस्तुतः लग्नगड्याची पत्नीही त्याच दारात राबे, आणि तिच्यावर मालकाचा जो हक्क चाले तो श्रमापुरता नसे. गोदावरीबाईंनी त्याविषयी आडपडदा न ठेवता लिहिले आहे. जिच्या लग्नासाठी कर्ज, तिला त्या दास्याच्या नावात जागा नाही.

आणि लग्न तरी कोणत्या समाजाचे? ज्या समाजात लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनी चौक रेखाटतात आणि त्याला चित्र काढणे न म्हणता चौक 'लिहिणे' म्हणतात, त्या समाजाचे. पालघट देवीचा चौक लिहिल्याखेरीज लग्न लागत नाही. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही चित्रलिपी जगभर गेली. जग ती दिवाणखान्यात लावते. पण त्याच भिंतीखाली लग्नाचा खर्च नावाची गोष्ट होती. ज्यांना कर्ज नको असे आणि पैसा नसे, ती जोडपी विधीवाचून एकत्र संसार करीत आणि पुढे कधी जमले तर मुलाबाळांसह मांडवात उभी राहत. नागर समाजाने याला शिथिल नीती म्हटले. आम्हांस तो सावकाराच्या वहीतून निसटण्याचा एक शहाणा मार्गही वाटतो.

दमणगंगेपलीकडे दक्षिण गुजरातेत याच दास्याला 'हाली' म्हणत. तेथेही मुळाशी पुष्कळदा लग्नाचे कर्जच असे. पण हाली हा शब्द हलापासून, म्हणजे नांगरापासून आला. एकच बंधन, गुजरातीने त्याला कामावरून नाव दिले, मराठीने कारणावरून. कामावरून दिलेले नाव ऐकले की राबणारा दिसतो. कारणावरून दिलेले ऐकले की त्याची चूक दिसते : लग्न केलेस ना, मग भोग. आम्ही मराठी भाषक असल्याने आपल्या शब्दाविषयी पक्षपात करावा असे वाटते खरे, पण येथे तो करवत नाही.

'कूळ' या शब्दाची कथा थोडक्यात सांगू. कुळशील, कुलदैवत, थोर कुळातला, या सर्व प्रयोगांत कूळ म्हणजे प्रतिष्ठा. तोच शब्द जमीन कसणाऱ्या खंडकऱ्यासाठी आणि ऋणकोसाठी वापरला गेला. व्याकरणाचा तपशील लक्षात घ्यावा : माणसासाठी वापरतानाही तो नपुंसकलिंगीच राहतो. 'आमचे एक कूळ आहे' असे जमीनदार म्हणतो तेव्हा तो एका माणसाविषयी बोलत असतो. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने आणि पुढे १ एप्रिल १९५७ च्या 'कृषक दिना'ने या 'ते'ला निदान कागदोपत्री मालक होण्याची वाट दिली. लोकांनी त्या कायद्याला कूळकायदा हेच नाव दिले.

'खावटी'चेही तसेच. पावसाळ्यात घरातले धान्य सरले की खाण्यापुरते जे कर्जाऊ आणायचे ती खावटी. आणि पतीपासून विभक्त झालेल्या स्त्रीला मिळते तीही खावटी. दोन्हींत पोट दुसऱ्याच्या हाती असल्याची भावना आहे. सावकाराची खावटी सुगीत वाढून परत द्यावी लागे. पुढे शासनाने 'खावटी कर्ज' योजना आणली आणि २०२० साली करोनाकाळात 'खावटी अनुदान' मंजूर केले. प्रत्येक कुटुंबास ४,००० रुपये, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपात. कर्जाच्या जागी अनुदान हा एक शब्द बदलला, पण खावटी हे सावकारी नाव शासनालाही टाळता आले नाही.

आता १९४५ कडे वळू. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. तेथून शामराव व गोदावरी परुळेकर या भागात आले, आणि २३ मे १९४५ रोजी झरी येथे, म्हणजे तेव्हाच्या उंबरगाव आणि आजच्या तलासरी तालुक्यात, वारल्यांची परिषद झाली. सुमारे पाच हजार माणसे जमली. तेथे जे ठरले ते थोडके होते : रोख बारा आणे रोज मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर कामाला जायचे नाही, वेठ करायची नाही, मारहाण झाली तर प्रतिकार करायचा, आणि सर्वांनी एक राहायचे. शब्दांच्या अभ्यासकाने यातील 'रोज' पाहावा. दिवस आणि दिवसाची मजुरी या दोन्हींना मराठीत एकच शब्द आहे. ज्याला दिवसाचे दाम मिळते त्याचा दिवस मोजला जातो. लग्नगड्याचे दिवस कोणी मोजत नव्हते. बारा आण्यांच्या मागणीत पैशाइतकीच ही मोजणीही होती. आणि 'वेठ करायची नाही' यात कर्ता बदलला. तोवर वेठ घेतली जाई, वेठीस धरले जाई. वेठीला नेलेला माणूस हा वाक्यातील कर्म होता. झरीला तो 'आम्ही करणार नाही' म्हणाला.

त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात संप झाला आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. लढा थांबला नाही. त्यातून वेठ आणि लग्नगडी या पद्धती मोडल्या. कायदा तीस वर्षांनी आला. त्याआधी माणसांनी त्या मोडल्या होत्या.

या घटनेला काय म्हणावे? बंड, उठाव, लढा, दंगा, यांतला प्रत्येक शब्द एका बाजूला उभा राहून उच्चारला जातो. बंड म्हटले की मोडलेली आज्ञा आधी दिसते, लढा म्हटले की लढणारा. गोदावरीबाईंनी १९७० साली ग्रंथ लिहिला तेव्हा यांतला एकही शब्द मुखपृष्ठावर घेतला नाही. 'जेव्हा माणूस जागा होतो' या शीर्षकात वारली नाही, आदिवासी नाही, शत्रूही नाही. माणूस आहे, आणि 'जागा होणे' हे शांत, घरगुती, रोजचे क्रियापद आहे. त्या मराठी ग्रंथाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७५ साली इंग्रजी आवृत्ती कलकत्त्याहून निघाली, तिच्या शीर्षकात मात्र आदिवासींचे बंड आले. ही भाषांतरातील चूक म्हणता येणार नाही. दूरच्या वाचकाला विषय कळावा म्हणून तसे करणे भाग पडले असेल. तरीही दोन शीर्षके शेजारी ठेवून पाहिली की मराठी शीर्षकाने काय राखले होते ते कळते. जागा झालेला माणूस आधी झोपलेला होता, गुन्हेगार नव्हता. आणि गंमत अशी की जमीनदारांची सत्ता झुगारणाऱ्या वारल्यांनी स्वतः बाईंना नाव दिले ते 'गोदाराणी'. लोकभाषा कोणाच्याही सिद्धान्ताची वेठ करीत नाही.

कायदा १९७६ चा : बंधबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम. त्यात एक विलक्षण यादी आहे. देशभरात वेठीला जी नावे आहेत ती देऊन कायदा सांगतो की ही नावे जेथे चालतात तेथे धनको-ऋणको करार आहे असे सामान्यतः धरून चालावे. कागद नसला तरी चालेल. शब्द हाच पुरावा. यादीत बारमासिया आहे, कमिया आहे, सागडी आहे, नित-मजूर आहे. गुजरातेतील हाली आहे. विष्टीची दक्षिणेकडील बहीण वेट्टी आहे. लग्नगडी नाही. कदाचित तोवर प्रथा मोडली होती म्हणून असेल. कदाचित तो शब्द दिल्लीपर्यंत पोहोचलाच नसेल. नांगरावरून पडलेले नाव कायद्यात गेले, लग्नावरून पडलेले राहून गेले.

आणि वेठ? ती वाक्प्रचारात उरली. मन नसताना उरकलेल्या कामाला आपण वेठबिगारी म्हणतो, म्हणजे राबवून घेणाऱ्याचा जुलूम विसरून राबणाऱ्याचा आळस तेवढा लक्षात ठेवतो. 'वेठीस धरणे' याचा अर्थ अडवणूक करणे, ओलीस ठेवणे असा झाला, आणि हा प्रयोग बहुतेक वेळा संपकऱ्यांविषयी होतो. ज्याला वेठीला धरून नेत, तो एके दिवशी काम करणार नाही म्हणाला. आज काम करणार नाही असे म्हणणाऱ्यालाच आपली भाषा वेठीस धरणारा म्हणते. शब्दांचे अर्थ पालटतात, त्यात नवल नाही. पण हा पालट ज्या दिशेने झाला ती दिशा आम्हांस अस्वस्थ करते. संप योग्य की अयोग्य हा प्रश्न वेगळा. प्रवाशांचे हाल झाले हेही खरे. परंतु त्या हालांसाठी भाषेत शब्दांचा दुष्काळ नव्हता.

मसोलीच्या टपरीवर आम्ही त्या गृहस्थांना अखेर एवढेच सांगितले की बाबा, कामाला कुठे नेले नाही. लोकांना त्रास झाला, इतकाच त्याचा अर्थ.

"मग त्रास झाला असं लिहायचं," ते म्हणाले, आणि कपातला उरलेला चहा बशीत ओतू लागले.